वाटीभर खमीर

मुरगुडात करडं वाढवावीत ती धोंडुबाईनंच, असं गाव बारा वर्षं म्हणत होतं, आणि ते ऐकायची तिला चांगलीच सवय लागली होती. शाहू छत्रपती गादीवर होते तेव्हाची ही बाई. नवरा प्लेगात गेलेला, मूलबाळ नाही. गणपतराव पाटील दूध तुटलेली करडं तिला निम्म्या वाट्यानं देत. वाढली की अर्धी त्यांची, अर्धी हिची. तिची चूल त्यावर चालायची, आणि तोराही.

त्या साली पाटलांनी दहातली पाचच तिच्या दारात बांधली. पाच गेली शेजारच्या रोशनबीकडं. तिचा नवरा मीरासाब कोल्हापूरच्या लष्करात पाव भाजायला शिकून आला होता आणि गावात त्यानं भट्टी घातली होती.

"दिवाळीला बघू," पाटील म्हणाले. "जिची करडं चांगली, तिला पुढल्या साली धाच्या धा."

महिन्यात रोशनबीची करडं अंगानं भरली, केस तुकतुकीत झाले. धोंडुबाईची हगवणीनं वाळली. तिला अन्न गोड लागेना. शेणी थापायच्या निमित्तानं ती कुंपणाशी जाई आणि पलीकडं बघत बसे. एक दिवस दिसलं: रोशनबी भट्टीच्या मडक्यातलं आंबट, फेसाळ खमीर दोन बोटांवर घेऊन भुशात कालवत होती.

विचारलं असतं तर रोशनबीनं हसत सांगितलं असतं. पण काल आलेल्या पोरीला विचारायचं? धोंडुबाईनं आंबिलीच्या गाडग्यात ज्वारीचं पीठ आणि गूळ घालून स्वतःच आंबवलं. चौथ्या दिवशी फसफसलं. दोन बोटांनी तिची एवढी फुगली, मग आपण वाटी वाटी देऊ, असा हिचा हिशेब.

करडं खरंच फुगली. दुपारपर्यंत पोटं ताशासारखी, आणि एकानं पाय ताणले. आता मात्र धोंडुबाईनं कुंपणावरून हाक मारली.

"रोशनबी, जरा ये गं."

तिनं येऊन, तोंड उघडं राहून पोटातला वारा सुटावा म्हणून, एकेकाच्या तोंडात काटकी आडवी बांधली, तेलात ओवा पाजला, डावी कूस चोळत बसली. "काय घातलंस, मावशी?"

"खमीर. तू घालतीस तेच."

"किती?"

धोंडुबाईनं पायानं वाटी मागं सारली. रोशनबीनं रिकामी वाटी बघितली. "इचारायचं की. मी काय न्हाय म्हटलो असतो?"

चार वाचली. पाचवं गेलं.

दिवाळीला पाटील आले. रोशनबीची पाच, हिची चार. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "रोशनबी, पुढल्या साली समदी तुझी."

"धा मला झेपत न्हाईत, पाटील. भट्टी हाय. पाच मावशीकडंच ऱ्हाऊद्यात." वाटीचं ती बोलली नाही.

पाटलांनी मान हलवली. धोंडुबाईची चूल वाचली, पण रोशनबीच्या मेहेरबानीनं, आणि ते तिला हरण्यापेक्षा जास्त झोंबलं. दुसऱ्या सकाळी ती मडकं घेऊन भट्टीवर गेली. रोशनबीनं खमीर दिलं, दोन बोटं दाखवली.

"ठावं हाय मला," धोंडुबाई म्हणाली.

पुढं कुणी तिच्या करडांना चांगलं म्हटलं की ती आधी कुंपणापलीकडं बघायची: रोशनबीची किती भरलीत.