तीन मागे, पाच मधे

कारापूरच्या गॅरेजात खाणीचे ट्रक सांभाळणारे आमचे फोरमन नसते, तर त्या वर्षीच मी फुटबॉल सोडला असता, आणि बहुतेक गोवाही. म्हणून आधी त्यांचं सांगतो.

फोरमन पेडण्याचे. संध्याकाळी गाड्या लागल्या की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते आम्हा ड्रायव्हर-क्लीनरांना कापणी झालेल्या शेतात खेळवायचे. सगळे त्यांना पात्रांव म्हणायचे, म्हणजे शेठ. त्यांना ते आवडायचं नाही, म्हणून जास्तच म्हणायचे.

माझं गाव देवगडकडे. शाळा सातवीत सुटली, आणि पुढे एका गाववाल्याने इथे ट्रकवर क्लीनर म्हणून लावलं. खोलीत माणसं भरपूर, पण माझ्याशी बोलणारं कोणी नाही. टीममध्ये घेतलं तेव्हापासून मात्र साखळीच्या बाजारातला चहावालाही "काय रे, रविवारी मॅच कोणाकडे?" म्हणून विचारायचा. टीममधली जागा गेली असती तर इथे मला ओळखणारं कोणी उरलं नसतं.

आमची मांडणी चार-तीन-तीन. मागे चार, मधे तीन, पुढे तीन. दोन्ही कडांनी वाऱ्यासारखे पळणारे दोघे भाऊ होते, त्यांच्यावर ती बेतलेली. मग एक बोटीवर नोकरीला गेला, दुसरा कुवेतला. मांडणी मात्र तशीच राहिली आणि डाव्या कडेला मला उभं केलं, कारण मी किडकिडीत. किडकिडीत माणूस पळतो, असा सगळ्यांचा समज. पळायचो मी, पण बॉल पायात आला की आधी मागे वळून बघायचो, कोण येतंय का. तोवर बॉल गेलेला. आम्ही हरत राहिलो. एकदा तर समोर मोकळा गोल असताना मी मागे बघितलं.

"क्लीनराक गाडीतच ठेवा, पात्रांव," सगळ्यात जुना ड्रायव्हर म्हणाला. "हो रिव्हर्समदी खेळता."

सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री गावच्या एसटीपुरते पैसे मोजून बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर गाडी रिव्हर्समध्ये मागे घेत होता. अशा वेळी क्लीनरने मागे उभं राहायचं, दोन्ही बाजू बघायच्या आणि ओरडायचं: येऊ दे, डावीकडे मार, येऊ दे, बस. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, तो क्लीनरच्या आवाजावर चालतो. फोरमन बाजूला उभे राहून बराच वेळ हे बघत होते.

संध्याकाळी त्यांनी मातीत खडे मांडले. मागे तीन, मधे पाच, पुढे दोन.

"पळणारे गेले. तरी पळणाऱ्यांचो खेळ कित्याक खेळतास? आमच्याकडे दम आसा, वेग नाय. मधी गर्दी करूया." मग मागच्या तिघांतल्या मधल्या खड्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "हयसर तू."

"तो घाबरता, पात्रांव," जुना ड्रायव्हर म्हणाला.

"म्हणानच. घाबरता तो मागे बघता. तुमच्यात आणि कोण बघता?" मग मला म्हणाले, "गाडी मागे घेताना वरडतस, तसाच वरड. बाकीचा माझ्यावर सोड."

रविवारी डिचोलीची टीम आली. मी घाबरतच तोंड उघडलं: डावीकडे मार, येऊ दे, बस. बांधावरचे लोक पोट धरून हसत होते. पण माझ्या दोन्ही बाजूंना ड्रायव्हरच होते. 'बस' ऐकलं की त्यांचे पाय सवयीने जागच्या जागी थांबायचे. तिघे एका रेषेत थांबलो की समोरचा फॉरवर्ड आमच्या मागे एकटा सापडायचा आणि रेफरी ऑफसाइडची शिटी वाजवायचा. मधल्या पाचांनी तर त्यांना श्वासच घेऊ दिला नाही. आम्ही जिंकलो नाही, पण त्या दिवशी आमच्यावर गोल झाला नाही. जुन्या ड्रायव्हरने आपल्या बाटलीतलं पाणी आधी मला दिलं.

लोक माणसाला मांडणीत बसवतात. फोरमननी हाताशी असलेली माणसं बघून मांडणी केली, आणि माझ्या भीतीलाही त्यात जागा दिली. मी त्या टीममध्ये राहिलो, गोव्यातही राहिलो.

आता ते पेडण्याला घरीच असतात, गुडघे साथ देत नाहीत. आयुष्यभर त्यांनी मॅच बघितली ती बांधावर उभं राहून. एक दिवस त्यांच्या दारात गाडी लावीन, मडगावला मोठ्या मॅचला नेईन आणि चांगल्या खुर्चीवर बसवीन. आभार मानायला मला नीट शब्द सुचत नाहीत, पण एवढं मी करणार.