पुरणयंत्राचा पूर्वजन्म

भाऊकाका गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. वर ‘हॉलच्या दारातली करडी गाडी कोणाची, प्लीज काढा’ आणि खाली कुणाच्या तरी बाळाचा केक, या दोहोंच्या मधे. तिघांनी अंगठा वर केला होता. गाडीसाठी की काकांसाठी, कळायला मार्ग नव्हता. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या माझ्या स्वयंपाकघरात, हातात गार होत चाललेला चहा घेऊन मी उभा होतो आणि दुःखाच्याही आधी मला शिसारी आली. हे काकांना सांगता आलं असतं तर पोट धरून हसले असते...

भाऊकाकांनी उभा जन्म मोटारींचे गिअर बनवण्यात घालवला. पण आम्ही त्यांना ओळखायचो ते होळीच्या आदल्या दिवसामुळे. त्या दिवशी बर्फातून बूट आपटत, शिजवलेल्या डाळीचा कुकर काखोटीला मारून आम्ही सगळे त्यांच्याकडे पुरण वाटायला जायचो. मिक्सरला त्या घरात बंदी. जेवणाच्या टेबलाला काकांच्या आजोबांनी घडवलेलं पितळी पुरणयंत्र आवळून बसवलेलं असायचं आणि ज्याचं पुरण त्यानंच दांडा फिरवायचा, हा नियम.

यंत्राची कथा काका दरवर्षी सांगत आणि दरवर्षी तिला नवा रंग चढे. आजोबांचं इंग्रजांच्या काळात सातारच्या बाजूला पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. एकदा कलेक्टरच्या बंगल्यावरून बोलावणं आलं, साहेबाचं यंत्र अडकलंय. पाहतात तर खिम्याचं यंत्र! चातुर्मासात कांदाही न खाणाऱ्या आजोबांनी उपरण्यानं नाक बांधून ते खोललं, साफ केलं, घरी येऊन थेट विहिरीवर आंघोळीला बसले. पण डोक्यातून यंत्र जाईना. महिन्याभरात त्यांनी पितळेत तसंच एक ओतलं, सुरी काढून टाकली आणि तिथं बारीक भोकांची चाळणी बसवली. जन्मभर पाट्यावर पुरण वाटलेल्या आजी हरखून गेल्या. नवऱ्यानं मूळ कुठलं ते सांगेपर्यंत. मग यंत्र गेलं गोठ्यात. पुढच्या होळीला पंगतीला अख्खी आळी येणार म्हटल्यावर आजींनी स्वतःच ते उचलून आणलं, गोमूत्र शिंपडलं आणि कोणाला काही बोलू दिलं नाही.

दांडा फिरवताना दर फेऱ्याला एका ठरावीक जागी यंत्र ‘कर्र’ करायचं. काका हात वर करून नाटकातल्यासारखे ओरडत, “पूर्वजन्म आठवला हो त्याला!”

“काका, तुम्ही गिअरवाले. एवढं दुरुस्त का करत नाही?” मी विचारलं होतं.

“दुरुस्त केलं तर खरं कोण बोलणार रे या घरात?”

आमचे अध्यक्ष शिरीष मात्र कासावीस व्हायचे. “काका, खिम्याची गोष्ट नको ना यार सगळ्यांसमोर. नैवेद्याचं पुरण आहे.”

“देवाची तक्रार नाही अजून. तुझीच काय ती येते.”

तर काकांची शोकसभा. शाळेचा भाड्याचा हॉल, पडद्यावर फिरते फोटो, मागे बासरी, आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या फ्रोझन पुरणपोळ्या. त्या माणसाच्या नावानं! चामडं चावावं तशी मी ती पोळी चावत होतो, एवढ्यात शिरीषनी माइक घेतला. “काकांच्या आजोबांनी हे यंत्र शोधलं आणि इंग्रज साहेबानं ते चोरून विलायतेला नेलं. त्यावरूनच पुढे त्यांचं खिमा यंत्र झालं!” टाळ्या. शोकसभेत टाळ्या! यंत्र आता मंडळाच्या जागेत काचेच्या पेटीत ठेवणार, खाली हीच हकिकत लिहिलेली पाटी.

मी उरलेली पोळी खाली ठेवली. इंग्रजांनी आपल्याला लुटलं ते थोडंथोडकं नाही. पण त्या खऱ्या लुटीत अशी बनावट चोरी घुसडली की खरीही हास्यास्पद होते. वर आजोबांची जी अस्सल करामत, घाण वाटत असतानाही ती वस्तू नीट बघणं, सुरी काढणं, चाळणी बसवणं, ती पुसूनच जाते. काका जे आयुष्यभर हसत सांगत आले, तेच त्यांच्या फोटोखाली पुरलं जात होतं. मी उठणार, तोच पहिल्या रांगेतून काकांच्या पत्नी, मालतीकाकू उठल्या.

“शिरीष, चोरी झाली हे खरं आहे हो. पण साहेबानं नाही केली, आमच्या आजेसासऱ्यांनी केली. खिम्याच्या यंत्रावरून. पाटीवर एवढं लिही आणि खुशाल घेऊन जा.”

मागून एका पोरीचा आवाज आला, “वेट, इट्स अ मीट ग्राइंडर?”

“होतं गं. मग सुधारलं.” काकू खाली बसल्या.

पाटीचा विषय ‘कमिटीत डिस्कस करू’ म्हणून बारगळला. यंत्र घरीच राहिलं.

परवा होळीचा आदला दिवस झाला. टेबलाच्या कडेला यंत्र आवळून आवळून पडलेला खळगा आहे, त्यातच ते बसवलं होतं. काकांची खुर्ची तशीच होती, तिच्यावर कोणी बसलं नाही. शिरीषही कुकर घेऊन आले, कोपऱ्यात उभे राहिले. त्यांची पाळी आली. दांडा फिरला, आणि... कर्र.

सगळ्यांचे हात थांबले. शिरीषनी आमच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. काकू गॅसपाशी पाठमोऱ्या होत्या.

“बोल की,” त्या म्हणाल्या.

“पूर्वजन्म आठवला हो त्याला,” शिरीष पुटपुटले.

“मोठ्यानं.”