शांतवनरावांचा नेम

शांतवन लोखंडे परभणी आगारातून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, तेव्हा मला वाटलं होतं की आता आमच्या गल्लीला शांतता लाभेल. माणूस बोलका. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे त्यांचं बोलणं मला फुकटात ऐकावं लागायचं. पण रिटायर झाल्यावर ते जास्तच कामाला लागले. त्यांच्या चर्चमध्ये पुरुष मंडळ आहे. दर शनिवारी संध्याकाळी दहा-पंधरा पुरुष सतरंजीवर बसतात. कुणी दारू सोडलेला, कुणी सोडायच्या विचारात असलेला, कुणी नुसता चहाला आलेला. परवानगी काढून हीच मंडळी महिन्यातून एकदा जेलमध्ये जातात आणि आतल्या माणसांबरोबरही तशीच बसतात.

मी तहसीलमध्ये कारकुनी केलेला माणूस. सुधारणा या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. "शांतवनराव, कुत्र्याचं शेपूट नळीत घालायचा धंदा आहे हा," असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "मी शेपटाला हात लावतच नाही. मी फक्त तिकीट काढतो."

त्यात चेष्टा कमी आणि खरं जास्त होतं. नोकरीत असताना त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. जेलमधून सुटलेला एक माणूस त्यांच्या गाडीत बसला, हातात कापडी पिशवी. त्याचं गाव आलं, घंटी वाजली, गाडी थांबली, पण तो उठला नाही. शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढून पुढं गेला आणि त्याच गाडीनं परत आला. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. त्याला गावाची वाट माहीत होती, फक्त उतरवत नव्हतं. शांतवनरावांनी हे मंडळात सांगितलं आणि त्यातून 'सोबत' निघाली. सुटलेल्या माणसाबरोबर मंडळातला एक जण एसटीनं त्याच्या दारापर्यंत जाणार.

सोबतीचे दोन नियम होते. पहिला, गावात चर्चचं नाव काढायचं नाही. नाहीतर माणूस घरात शिरायच्या आधीच त्यानं धर्म बदलल्याची बोंब उठते. दुसरा नियम पाण्याचा. आपल्याकडं दारात कुणी आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. सुरुवातीला व्हायचं असं की घरचे लोक सोबत्याला पाणी, चहा, पोहे सगळं द्यायचे आणि सुटून आलेला बाहेर ओट्यावर तसाच. सोबत्याची पाठ वळली की त्याला हाकलायचे. म्हणून ठरलं, घरानं त्याला पाणी दिल्याशिवाय सोबत्यानं घोट घ्यायचा नाही. आणि "त्याला द्या" असं सांगायचंही नाही, कारण मागून मिळालेलं पाणी धरायचं नाही. पाणी मिळालं नाही तर माणसाला परत आणायचं आणि चर्चच्या खोलीत ठेवायचं. तसे तीन जण परत आणले होते. वर्षाच्या आत तिघंही पुन्हा जेलात गेले.

यंदाच्या मे महिन्यात सिद्धोधन सुटला. मानवतच्या अलीकडं फाट्यापासून कोसभर आत त्याचं गाव. ऊसतोडीला गेले असताना दारूच्या नशेत त्यानं धाकट्या भावावर, सुगतवर, कोयता चालवला होता. उजव्या हाताच्या शिरा तुटल्या, मूठ वळायची बंद झाली ती कायमची. सिद्धोधनला पाच वर्षांची शिक्षा झाली. बायको माहेरी गेली ती गेलीच, मधल्या काळात आई वारली. घर एकच, त्यात सुगत आणि त्याची बायको सुकेशनी. सुगत फोनवर "येऊ द्या" एवढंच म्हणाला होता. सुकेशनी काहीच बोलली नव्हती, आणि घर तर तिच्या जिवावर चाललेलं.

सोबतीला शांतवनराव स्वतः निघाले. परीटघडीचा पांढरा पायजमा-सदरा, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा. मी सकाळीच म्हणालो होतो, "लग्नाला निघालात का पाटील?" त्यांना बरं वाटलं. ही चेष्टा त्यांना पुढं भोवणार होती, हे मला तरी काय ठाऊक.

फाट्यावर उतरून दोघं उन्हातून चालत गेले. सिद्धोधन वाटेत एकच वाक्य बोलला, "काका, म्या लिंबाखालीच थांबतो." वस्तीच्या टोकाला विहार, त्याच्या मागं घर, समोर लिंब. सुगत शेळ्या घेऊन गेलेला. सुकेशनी दारात आली. तिनं दिराकडं पाहिलं, पण पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पदर सारखा केला आणि शांतवनरावांसमोर तांब्या धरला.

"घ्या पानी."

"नको बाई. तहान नाही," शांतवनराव म्हणाले.

मग तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टोपी, चष्मा, पांढरे कपडे.

"कोसभर उन्हातून चालत आलाव, घाम गळायलाय, अन् तहान न्हाई?" तिचा आवाज चढला. "आमच्या हातचं पानी चालत न्हाई, तसं सांगा की सरळ. लय बघितलेत असले."

शांतवनराव मला म्हणाले, त्या क्षणी जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. ज्याच्या आजोबांना भर गावात विहिरीवरून हाकललं होतं, त्या माणसाला कुणीतरी हे म्हणत होतं. आणि तिचं चुकलंही नव्हतं. त्या दारात, त्या कपड्यांत पाणी नाकारण्याचा दुसरा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या कधी निघालाच नव्हता. मंडळात बसून नियम करणाऱ्या दहा-पंधरा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मला राग आला तो याचाच.

त्यांनी तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या संपवला. नियम गेला.

लिंबाखाली सिद्धोधननं ते पाहिलं. नियम त्यालाही पाठ होता. त्यानं पिशवी उचलली आणि फाट्याकडं चालू लागला.

"बाई," शांतवनराव घाईनं म्हणाले, "माझा आजा मांगवाड्यातला. त्याला कुणी विहिरीला हात लावू दिला नाही. मी तुमचं पाणी नाकारीन कसा? आमचा एक नेम आहे." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, चर्च, सोबत, पाणी, परत आणलेले तिघं. आता झाकून ठेवायला काही उरलंच नव्हतं.

सुकेशनीनं ऐकून घेतलं. रिकामा तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पान्याचा तांब्या पाव्हण्याला देतेत," ती म्हणाली. मग आवाज मोठा केला, लिंबाच्या पलीकडं पोचेल इतका. "ह्ये काय पाव्हणे हायेत? रांजण हाय तितंच हाय. हात धड हायेत ह्यांचे."

सिद्धोधन थांबला. ते शेवटचं वाक्य त्याला कुठं लागलं असेल, हे सांगायला नको. मग तो वळला, पिशवी लिंबाच्या बुडाशी ठेवली आणि खाली मान घालून मागच्या पडवीत गेला. रांजणाच्या तळाशी पाणी काढायचं ओगराळं खरवडल्याचा आवाज आला.

"पिऊन झालं की भरून ठिवा," सुकेशनी आतूनच म्हणाली. "आमच्या ह्यांना एका हातानं हापसा मारता येत न्हाई. पाच वर्सं म्याच भरायलेय."

हापशावर चार बाया होत्या. त्या बाजूला सरकल्या. कुणी हसलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सिद्धोधन घागरीमागून घागर आणत राहिला. शांतवनराव ओट्यावर बसून खेपा मोजत होते, कंडक्टरची खोड. परतीची दोनची गाडी फाट्यावरून गेली असेल, तेव्हा पाच झाल्या होत्या. सुकेशनी चुलीपाशी, पाठ दाराकडं. तिनं वळून पाहिलं नाही, पण भाकरी थापायची ती थापतच होती. दोन माणसांपुरत्या त्या कधीच झाल्या होत्या.

सातव्या खेपेला सुगत शेळ्या घेऊन आला. खांद्यावर घागर घेतलेला भाऊ अंगणात समोर आला. दोघंही थबकले. शेळ्या मधून निघून गेल्या. सिद्धोधनच्या खांद्यावरून पाणी गळत होतं आणि घागर उतरवायचं काही त्याला सुचत नव्हतं. सुगतनं हातातली काठी भिंतीला टेकवली, पुढं झाला आणि डावा हात घागरीच्या बुडाला लावला.

"दोघं मिळून सांडू नका म्हंजे झालं," सुकेशनी चुलीपासून म्हणाली.