भाव सांगून झाल्यावरचा श्वास

भाव सांगून झाला की श्वास धरायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यांतून माल उचलायला लागले, तेव्हा ते आपोआप अंगात भिनलं. शिलाई वाकडी गेलेल्या, धुलाईत रंग उडालेल्या, ऑर्डरमधून परत आलेल्या पँटी ढिगाने विकतात. त्या ढिगाला लॉट म्हणतात. मी लॉट घेते आणि अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात बसणाऱ्यांना पुरवते. समोर शेठ, मध्ये ढीग. आपला भाव एकदाच सांगायचा आणि गप्प बसायचं. त्यानंतर जो आधी तोंड उघडेल तो गेला. शेठ पंख्याकडे बघतो, फोन उलटा-सुलटा करतो, चहा मागवतो. मी छातीत हवा भरून बसते. शेवटी तोच म्हणतो, "दीदी, कुछ तो बोलो." झालं. सौदा माझा.

वीस-बावीस वर्षं मी अशी हवा धरून बसले आणि एकटीने धंदा उभा केला. लग्न केलं नाही. चिखलोलीला स्टेशन होणार हे कानावर आलं, तेव्हा बाकीचे नकाशे बघत बसले होते आणि मी तिथे फ्लॅट घेऊन मोकळी झाले. नववा मजला. खिडकीतून डोंगर दिसतो. कुणाला दाखवायचा, हा प्रश्न घेतल्यावर पडला.

तीन वर्षांपूर्वी एका शेठसमोर भाव सांगितला, श्वास धरला, आणि तो परत सोडता येईना. छातीत कुणीतरी ओली चादर पिळावी तसं झालं. हात गार पडले. कानात शिट्टी वाजायला लागली. मला वाटलं, संपलं, या निळ्या ढिगावरच पडणार. मी म्हणाले, "राहू दे. तुमचाच भाव." शेठ खूश व्हायच्या ऐवजी उठून उभा राहिला. "तबियत तो ठीक है ना? आज आपने गाली भी नहीं दी."

डॉक्टरने ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. "घाबरून होतं असं," तो म्हणाला. "कशाची भीती वाटते?"

"मला? लोकांना माझी वाटते," मी म्हणाले. तो हसला. मी हसले नव्हते.

आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तिने प्राण सोडला तो बदलापूरला, ताईच्या घरी. ताई माझी मोठी बहीण. तिने मला फोन केला तो सगळं आटोपल्यावर. अर्ध्या तासाच्या अंतरावर मी होते, फोन चालू होता. पोचले तेव्हा आईला आंघोळ घालून झाली होती. मी दारातच ताईला नको नको ते बोलले, जमलेल्या माणसांसमोर बोलले, आणि त्यानंतर तिच्या घरची पायरी चढले नाही. ताई पदर तोंडाला लावून उभी राहिली. तिच्या गप्प बसण्याचा मी माझ्या धंद्यातला अर्थ लावला: हिच्याकडे उत्तर नाही.

छाती आवळणं वाढत गेलं. लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, पण सगळ्यात जास्त सौदा करताना. बाजारात हे कळलं तर लोक मला सोलून खातील, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तसंही सांगायला कोण होतं?

अंबरनाथ पूर्वेला आम्ही वाढलो त्या गल्लीत एक विहार आहे. रविवारी सकाळी तिथे ध्यानाला बसवतात; यंदा मी जायला लागले. लहानपणी तिथे खिचडी खायला जायचो. शिकवणारे सर कारखान्यात फिटर होते, निवृत्त झालेत. बोलतात पण फिटरसारखंच, मोजून. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "किती दिवस लागतील?"

"कशाला?"

"भीती जायला."

"सांगता येत नाही, बाई."

"अंदाजे तरी? महिना?"

"बसा आधी."

"पंधरा दिवसांत फरक दिसला तर पुढे येईन. नाहीतर माझा वेळ फुकट जातो."

सर बाजूच्या म्हाताऱ्या बाईंकडे बघून म्हणाले, "भेंडी घ्यायला आल्यात." ती बाई तोंडावर हात धरून इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. मी रागाने उठणार होते. पण गुडघ्यातून कळ आली म्हणून बसले.

नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, एवढंच काम. मला वाटलं, हे तर पोरंही करतील. पाच मिनिटांत सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "घेता, आणि वर दाबून धरता. कुणाची वाट बघताय?"

घरी मी रोज सकाळी बसायला लागले. पण सवय जाईना. मी श्वासाशीही सौदाच करत होते. आज वीस मिनिटं बसले, तर आज बाजारात त्रास द्यायचा नाही. काल दिलास, म्हणून आज दहाच मिनिटं. आणि नेमका त्याच दिवशी शेठसमोर हात गार पडायचे. तिसऱ्या रविवारी मी सरांना सरळ म्हणाले, "तुमचा माल खोटा आहे."

"माल तुमचाच आहे," ते म्हणाले. "मी नुसतं शटर उघडतो." मग विचारलं, "अंगात कुठे काही कळतं का? डोक्यापासून पायापर्यंत बघून सांगा."

मी डोळे मिटून बघितलं. काहीच कळेना. कपाळ नाही, खांदे नाहीत, पोट नाही, सगळं लाकूड. पन्नाशीला आलेली बाई, आणि स्वतःचं अंग कुठे आहे ते सांगता येईना, याची मला लाज वाटली. मग उजव्या हाताचा अंगठा सापडला. त्याच्या आतल्या बाजूला जुना घट्टा आहे, तो हलकासा ठणकत होता.

तो घट्टा धागा कटिंगचा. वडील गेल्यावर आई कारखान्यातून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे घरी आणायची. शिलाईला लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे, हे काम. दारात उजेडाला आम्ही तिघी बसायचो. ताई सावकाश कापायची, आई मध्यम, मी सगळ्यात झपाट्याने. कात्री बोथट झाली की मी दाताने तोडायची आणि आई मान वर न करता म्हणायची, "दाताने नको गं, दात झिजतात." उठताना आईच्या लुगड्याला निळे धागे चिकटलेले असायचे.

"अंगठा कळतोय," मी सरांना सांगितलं.

"मग तिथून सुरू करा."

अंगठ्यापासून मनगट कळायला मला आठवडा लागला. मनगटापासून कोपर, कोपरापासून खांदा. घरात टीव्ही बंद, लिफ्टची ये-जा ऐकू यायची, शेजारच्या दारावर कुणी ना कुणी बेल वाजवायचं. माझ्या दाराची बेल पाणी देणाऱ्याशिवाय कुणी वाजवत नाही. मी माझ्याच हातावरून हळूहळू वर चढत होते आणि एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये तेवढीच जागा मला ओळखीची होती.

मग एका सकाळी छातीपर्यंत पोचले. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये, गोटीएवढं काहीतरी घट्ट होतं. सरांनी सांगितलं होतं, सापडलं की ढकलू नका, बाजूला बसा. मी बसले. आणि ते घट्टपण नेमकं केव्हा येतं हे मला पहिल्यांदा दिसलं. शेठ समोर आला की येत नाही. भाव सांगतानाही येत नाही. येतं ते सांगून झाल्यावर, समोरचा उत्तर देईपर्यंतच्या त्या गप्प वेळात. मी सौद्याला घाबरत नव्हते. उत्तराला घाबरत होते.

आणि ज्याचं उत्तर मी तीन वर्षं मागितलंच नव्हतं, असा प्रश्न एकच होता. ताईला मी शिव्या दिल्या होत्या. विचारलं काहीच नव्हतं.

दुपारी शेअर रिक्षाने बदलापूरला गेले. ताईने दार उघडलं. बघत राहिली. केस सगळे पांढरे झालेले. "ये," एवढंच म्हणाली. आत शिलाई मशीन, त्यावर कुणाचा तरी अर्धा ब्लाउज. तिने पाणी दिलं. मी पाणी न पिता विचारलं, "ताई, तू मला का नाही बोलावलंस?"

विचारून झालं आणि श्वास वर अडकला. सवयीने. ताई मशीनजवळ बसली, ब्लाउज हातात घेतला, खाली ठेवला. छातीतली चादर पिळायला लागली. मी अंगठा बोटांत धरला, घट्टा चाचपला, आणि हवा सोडली. आवाज झाला असावा, कारण तिने वर बघितलं.

"सांग," मी म्हणाले. "मी भांडणार नाही."

"तू?"

"प्रयत्न करीन."

ताईचा ओठ हलला, हसू होतं की काय कळलं नाही. मग ती म्हणाली, "आई नको म्हणाली."

मी अंगठा सोडला नाही.

"त्या आधीच्या वेळी दवाखान्यात तू काउंटरवर हात आपटलेस, आठवतं? वॉचमनने धरून बाहेर काढलं तुला. आईने ते कॉटवरून बघितलं. शेवटच्या दिवशी मी फोन हातात घेतला होता गं. ती म्हणाली, तिला आत्ता नको बोलावूस. ती आली की कुणाशी तरी भांडेल. मला शांत पडू दे."

तीन वर्षं ज्याला मी घाबरत होते ते हेच होतं. ऐकल्यावर कळलं की मला माहीत होतं. छातीत ते आलं, पूर्ण आलं, हात गार पडले, कान वाजले. मी खुर्चीत बसून राहिले. पळाले नाही आणि कुणावर ओरडलेही नाही. शेवटी विचारलं, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस? एवढ्या लोकांत मी तुला..."

"तू मला बोलत होतीस ते मला परवडत होतं," ताई म्हणाली. "आईला बोलली असतीस तर नसतं परवडलं."

मी पाणी प्यायले. ताई उठली, परत बसली. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "शेवटी तिला शुद्ध नव्हती. बोटं मात्र चालू होती. अशी." तिने अंगठा आणि बोट जुळवून हवेत चिमटा काढला, एक, परत एक. "चादरीवरचे धागे काढत होती. मी हात धरला, तर सोडवून घेतला आणि परत सुरू."

"किती वेळ?"

"बराच. झपाझप. तुझ्यासारखं."

ते शेवटचं ती मला बरं वाटावं म्हणून बोलली की खरंच तसं होतं, मी विचारलं नाही. आईचा हात मध्यम चालायचा, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

ताईने ब्लाउज उचलला, शिलाईचं टोक दाताशी नेलं. "दाताने नको," मी म्हणाले. ती थांबली. ड्रॉवरमधून कात्री काढली आणि कापलं.

ती राहा म्हणाली नाही. मी राहते म्हणाले नाही. दारात तिने विचारलं, "चिखलोलीचं स्टेशन झालं का?" मी म्हणाले, "व्हायचंय." तिने मान हलवली.

परतताना रिक्षात माझ्या शेजारी दोन बायका आपसात बोलत होत्या. छाती पुन्हा आवळली. मी अंगठ्यापासून सुरू केलं, मनगट, कोपर, खांदा. वर गळ्याच्या खाली ती गोटी होती, आधीएवढीच. मी तिच्या बाजूला बसले. यावेळी तिच्याशी सौदा केला नाही. चिखलोली आल्यावर रिक्षावाला म्हणाला, "मावशी, उतरायचं ना?" तेव्हा मी उतरले, आणि घरी कुणी वाट बघत नव्हतं म्हणून सावकाश चालत गेले.