माठाखालची बाटली

आमच्या यांच्या साहेबांना वाईनमधलं फार कळायचं म्हणे. सहा महिने इटलीत ट्रेनिंगला काय जाऊन आले, भोपाळच्या आमच्या पिपलानी वसाहतीत कुणाला बोलू देईनात. नवं राज्य, नवा कारखाना, नवी क्वार्टर्स, आणि त्यात हे नवे जाणकार!

आमच्याकडे एक इटालियन बाटली होती. यंत्र बसवायला आलेल्या म्हाताऱ्या इटालियन फिटरनं जाताना ती यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिलेली. आमची मुलगी तेव्हा महिन्याची होती. म्हातारा मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ही लाल वाईन आत्ता तुरट लागेल. वीस वर्षं आडवी ठेवा, गारव्यात, अंधारात. पोरीच्या लग्नात उघडा आणि चव कशी होती ते मला कळवा." यांनी त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. आता भोपाळच्या मे महिन्यात गारवा आणायचा कुठून? मी ती माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली. तीन उन्हाळे रोज वाळूवर पाणी शिंपडलं. दारूच्या थेंबाला कधी न शिवलेली बाई मी, आणि तिची बडदास्त ठेवत होते!

पण यांच्या तोंडात तीळ भिजेल तर ना! ऑफिसात बोलले, आणि रविवारी दुपारी साहेब दारात हजर.

"वहिनी, वाईन आधी नाकानं प्यायची असते," म्हणाले. यांच्याकडून बाटली उघडून घेतली, सरबताच्या ग्लासात वाईन ओतली, ग्लास गोल गोल फिरवला, उजेडाकडे धरला, डोळे मिटले. जळलं मेलं ते नाटक! यांना सांगता आलं असतं, की शब्द दिलाय, उघडायची नाही. नाही सांगितलं. प्रमोशनचा कागद साहेबांच्या टेबलावर होता.

साहेबांनी घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "छे! नासली. माठाखाली ठेवतात का कुणी? मोरीत ओता."

आणि हे म्हणाले, "हो, साहेब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुरट लागेल, असं म्हाताऱ्यानं यांच्या तोंडावर सांगितलं होतं. साहेब मात्र माझी ताटभर कांदाभजी चापून, ढेकर देऊन गेले.

बाटली मी ओतली नाही. सोमवारी सकाळी सहज वास घेतला. अगं बाई! गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा. म्हटलं, गेलं खड्ड्यात सोवळं, आणि एक घोट घेतला. हिरडा चावल्यासारखी जीभ कोरडी पडली, पण मागून हळूहळू गोडवा आला आणि कितीतरी वेळ राहिला. यांना बोलावून दिला. घोट घेऊन हे स्टुलावर बसूनच राहिले.

"नासलीय का?"

"नाही."

"मग काल हो कशाला म्हणालात?"

हे उठून ग्लास विसळायला लागले. गाढवाला गुळाची चव काय, म्हणून साहेबांना सोडून देता येतं. यांना काय म्हणू? त्या वर्षी प्रमोशन झालं. पेढे मी वाटले, पण स्वतः एकही खाल्ला नाही.

सतरा-अठरा वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका इटलीला पाठवली. म्हाताऱ्याचं कार्ड आलं, त्यात एकच ओळ: चव कशी होती?

यांनी "उत्तम" एवढं लिहिलं आणि पाकीट शोधायला लागले. मी समोर जाऊन उभी राहिले. "खरं लिहा. निदान त्याला तरी."

पाकीट शोधायचं सोडून हे परत कागदापाशी बसले. मग खाली लिहिलं, "साहेब वाईट म्हणाले. मी हो म्हणालो."