भावालाच बोलवावे लागेल

रक्तपेढीत मी उशिरा आले. रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी पदरात असताना बरीच वर्षे घरात गेली, आणि मुले हाताशी आल्यावर, चाळिशी उलटल्यावर, मी रक्तसंक्रमणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. वर्गातल्या मुली मला काकू म्हणत. नोकरी मिळाली ती उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका लहानशा रक्तपेढीत. घर अंबरनाथ पश्चिमेला, त्यामुळे जाण्यायेण्याची फारशी तक्रार नव्हती. काम मला जमत होते. बोलणे जमत नव्हते. दिवसभर उभे राहून पोटऱ्या भरून येत, पण त्याहून अधिक मी थकत असे ती खिडकीने. नातेवाईक त्या खिडकीशी येत, आणि काचेच्या अलीकडून बोललेले माझे वाक्य त्यांना कधीच पहिल्यांदा ऐकू जात नसे.

त्या दिवशी सकाळी थॅलेसेमियाच्या मुलांच्या आया येऊन गेल्या होत्या. आमच्याकडे त्या ठरलेल्या दिवशी येतात. बहुतेक सिंधी घरांतल्या, काही आमच्यासारख्या मराठी घरांतल्या. मुलाला रक्त चढवून घेणे हे त्यांच्या घरचे एक नेहमीचे काम झालेले असते. त्या घाई करत नाहीत आणि रडतही नाहीत. त्यांच्या पिशव्या देऊन होतात तोवर माझ्यातला निम्मा दिवस संपलेला असतो.

दुपारी शेजारच्या रुग्णालयातून चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना आला. पहिलटकरीण, बाळंतपणात अतिशय रक्तस्राव, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, दोन पिशव्या तातडीने. चिठ्ठीच्या मागोमाग माणसेही आली. बारवी धरणापलीकडच्या एका पाड्यातून टेम्पो भरून पुरुषमंडळी रक्त द्यायला आली होती, आणि त्यांच्या पुढे त्या बाळंतिणीची सासू होती. नवराही होता, पण तो भिंतीला टेकून नुसता उभा होता.

"आमच्या पोरांचंच द्या तिला," सासू म्हणाली. "बाहेरचं नको. सगळी घरची हायेत, दारू पिणारा एक पन नाय. एक सोडून."

मागे हशा पिकला. "म्हातारे, नाव नको घेऊस," कोणीतरी म्हणाले.

मी आत आले आणि जुळणी लावली. ही जुळणी करायला साधी असते. रोग्याच्या रक्तातले पिवळसर पाणी वेगळे काढायचे आणि त्यात पिशवीतल्या लाल पेशी मिसळायच्या. मिश्रण एकसारखे राहिले तर ती पिशवी चालते. गुठळ्या झाल्या तर चालत नाही. पहिल्या नळीत गुठळ्या झाल्या. दुसऱ्या पिशवीच्या पेशी घेतल्या, पुन्हा गुठळ्या. उशिरा शिकलेल्या माणसाला पहिला संशय स्वतःच्याच हाताचा येतो. मी नव्या नळ्या घेतल्या, पेशी पुन्हा धुतल्या आणि शीतकपाटात होत्या तेवढ्या साऱ्या ओ गटाच्या पिशव्यांवर तोच प्रयोग केला. प्रत्येक नळीत फाटलेल्या दुधासारखे रक्त.

शेजारच्या टेबलावरची माझी सिंधी सहकारी वाकून पाहत होती. "दीदी, सगळ्यांत थोडीच तुमची गलती होईल?" ती म्हणाली. "पेशंटच अलग आहे."

ते तिने बोलण्याआधीच मला ठाऊक झाले होते. फक्त मानायचे धैर्य होत नव्हते. शेवटची एक चाचणी उरली होती. ओ गटाच्या प्रत्येक माणसाच्या पेशींवर एक खूण असते. ती या बाईच्या पेशींवर नव्हतीच. म्हणजे बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या चाचणीत तो ओ दिसतो आणि ओ नसतो. जगातले कोणतेही ओ रक्त तिला दिले तर ते तिच्या शरीरात फुटेल. तिला तिच्याच गटाचे रक्त हवे होते, आणि असे लोक विरळ.

आमच्या डॉक्टरांनी मुंबईला फोन लावले. दाता सापडण्याजोगा होता, परंतु त्याला बोलावून, रक्त घेऊन, पाठवण्यात दुसरा दिवस उजाडला असता. रुग्णालयाचे म्हणणे होते की रात्र निघणार नाही. सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता चारात एक. जवळच्या नातलगाचे रक्त एरवी आम्ही टाळतो, त्यात वेगळा धोका असतो, डॉक्टरांनी तो पत्करायचे ठरवले आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "बाहेर जाऊन तुम्हीच समजावा. भाऊ-बहीण कोणी आहे का बघा."

मी खिडकीपाशी न थांबता बाहेर गेले. काचेआडून हे सांगता आले नसते.

"तिला सख्खी भावंडं आहेत का?"

"भाऊ हाय एक, बदलापुराला," नवरा प्रथमच बोलला, आणि त्याने आईकडे पाहिले.

"कशाला पायजे तो?" सासू म्हणाली. "टेम्पोभर मानसं आनली ना आमी?"

"यांच्यापैकी कोणाचंच चालणार नाही."

"आमच्या रक्ताला काय झालंय?"

"काही झालेलं नाही, आजी. तिला ते चालत नाही."

"आमचं अन्न चालतं, नि रक्त चालत नाय?"

यावर माझ्यापाशी शास्त्रीय उत्तर होते, पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. हळूहळू, टेम्पोतल्या माणसांच्या अर्ध्यामुर्ध्या बोलण्यातून, मला कळले की पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे म्हणून भाऊ रीतीप्रमाणे बहिणीला न्यायला आला होता. सोबत करंज्यांची टोपली होती. भातकापणी तोंडावर होती आणि सासूला सून जाऊ द्यायची नव्हती. आमच्यात खायला घालायला आहे, दवाखाना आहे, पुन्हा या उंबऱ्यावर येऊ नका, असे ती त्याला बोलली होती. टोपली तशीच परत गेली होती.

"भावालाच बोलवावं लागेल," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीइतकाच लहान होता, पण व्हरांड्यात त्या वेळी कोणी हलत नव्हते. "आणि लवकर."

नवऱ्याने फोन लावला. पलीकडून काय उत्तर आले ते त्याच्या चेहऱ्यावर दिसले. "तो म्हनतो, जिनं हाकललं तिनं बोलवावं," तो म्हणाला, आणि फोन आईपुढे धरला. तिला तो कानाला लावायचे सुचले नाही. तिने तो तळहातावर ठेवला आणि त्यात बोलली, नवऱ्याने स्पीकर चालू केला, त्यामुळे आम्ही सारेच ऐकत होतो.

"पावनं, मी बोलतेय."

"कोण मी?"

"तुमच्या भैनीची सासू."

"तुमच्यात तर सगळं हाय बोललात ना? खायला हाय, दवाखाना हाय?"

"बोलले होते."

"मग?"

"मग काय? मी बोलले होते, मीच बोलवते. या."

तो कारखान्याच्या गणवेशातच मोटारसायकलवरून आला. मी त्याच्या बोटातून रक्त घेत असताना त्याने विचारले, "मॅडम, माझं नाय जुळलं तर?" मी नळीवर त्याचे नाव लिहिले. मला खोटे बोलता येत नाही आणि खरे बोलायची घाई नव्हती. त्याच्याही पेशींवर ती खूण नव्हती. बहिणीच्या रक्तातल्या पिवळसर पाण्यात त्याच्या पेशी मिसळल्या, नळी हलवून उजेडाकडे धरली. रक्त एकसारखे लाल राहिले. मी ते पुन्हा केले, कारण मी तशीच आहे. पुन्हा तसेच राहिले.

त्याचे रक्त घेतले, रोगांच्या चाचण्या झाल्या आणि संध्याकाळी पिशवी रुग्णालयात गेली. मला आनंद व्हायला हवा होता. माझे फक्त पाय दुखत होते. भाऊ बाकावर चहाचा कप धरून बसला होता. बहिणीला भेटायला का जात नाहीस, असे टेम्पोतल्या एकाने विचारले तेव्हा तो म्हणाला, "मला इथवर बोलावलंय."

पिशवी लागली, त्रास नाही, असा निरोप रुग्णालयातून आल्यावर मी तो सांगायला बाहेर आले. सासूने ऐकून घेतले, मग विचारले, "पुढच्या टायमाला पन याचंच लागंल?"

"असंच कोणाचं तरी. याचं सगळ्यात जवळ."

"नि याला लागलं कधी, अपघात-बिपघात?"

"तर तिचं."

"म्हंजे आता तोडून चालायचं नाय," ती म्हणाली. त्या स्वरात पश्चात्ताप नव्हता. दिवसभराच्या कामावर आणखी एक काम येऊन पडावे तसा कंटाळा होता, आणि तो मला फार ओळखीचा वाटला. मग ती बाकाकडे वळली. "पावनं, चला दवाखान्यात वर. पोर बघा तुमच्या भैनीची."

त्याने कप खाली ठेवला, बाही उतरवली, आणि तिच्या मागे दोन पावले अंतर ठेवून तो रुग्णालयाचा जिना चढला.

दुसरी पिशवी मुंबईहून दुसऱ्या दिवशी आली. ती बाई मुलीला घेऊन सुखरूप घरी गेली, एवढे मला नंतर कळले. सासरी की माहेरी, हे विचारायचे मात्र मला धैर्य झाले नाही.