भागूआत्याची सैल मूठ

चंद्रभागाबाईंवर अन्याय झाला. यंदा, त्र्याहत्तरच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन करीला, सकाळची प्रार्थना संपून मुलं पांगायच्या आत आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या एका बोर्डिंगच्या चिटणिसांनी त्यांना कामावरून काढलं. नोटीस नाही, चौकशी नाही. "तुम्ही मुलांच्या तोंडची भाजी उंदरांना घालता," असं म्हणाले आणि पुरावा म्हणून एक कागद सगळ्यांसमोर फडकवला.

तो कागद मी लिहिला होता.

पण आधी माणूस सांगतो. चंद्रभागाबाई म्हणजे बोर्डिंगच्या भागूआत्या. साठीच्या आसपासच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. झाडलोट करायची, स्वयंपाकघरात भाजी निवडायची, आणि मागच्या पडवीतल्या पिंजऱ्याकडे बघायचं, ही त्यांची कामं. पिंजऱ्यात सहा गिनीपिग. घुशीएवढे, बिनशेपटीचे, तांबडे-पांढरे. बदली होऊन गेलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी जाताना एक जोडी मुलांना दिली होती. दसरा झाला की मुलांचे आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. तेवढे महिने जीव लावायला पोरांना हे मुके सोबती. पण मुके कसले! आत्याच्या बांगड्या पडवीत वाजल्या की सहाही जण मागच्या पायांवर उभे राहून असा काही गलका करत की वर्गातले मास्तर खिडकी लावून घेत.

"आरं व्हय व्हय, आलं तुमचं ताट," आत्या म्हणायच्या. "जावई परवडलं, पर तुमी नगं!"

त्यांचं माप ठरलेलं. दिवसाला एका जिवाला हिरव्या पाल्याची एक मूठ. तीसुद्धा आवळलेली नव्हे, सैल. मेथीच्या काड्या, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीचे दांडे, काहीच नसलं तर शेवग्याची डहाळी. सुकं गवत मात्र दिवसभर समोर, पाहिजे तेवढं. कुणी पोरानं त्या सहांतल्या लाडक्या सोनीपुढे जास्तीचा पाला सरकवला की आत्या दाराशी उभ्याच. "काढ भाईर. तुझं प्रेम तिला हगवन लावील."

डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट शिकवून ठेवली होती. गाय-शेळी महिनोन्‌महिने वाळक्या कडब्यावर तगते. हे जनावर तगत नाही. माणसाला जसं लिंबू-आवळ्यातलं सत्त्व बाहेरून मिळावं लागतं, तसंच यालाही लागतं. हिरवं बंद झालं की हिरड्या सुजतात, सांधे धरतात, आणि मग संपलंच.

हे सगळं मला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. दुष्काळाचं हे वर्ष. बोर्डिंगात लाल मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, भाकरी आणि आमटी म्हणून पिवळं पाणी. भाजी आठवड्यातून एकदा, तीही चिमूटभर. आमच्या युवक मंडळाकडे मुलांनी तक्रार केली, म्हणून मी पाहणीला गेलो. बघतो तर एक म्हातारी मेथी घेऊन पिंजऱ्याकडे निघालेली! माझं डोकंच सणकलं. तसाच परत आलो, स्टेन्सिल कापली आणि बाजारच्या दिवशी पत्रक वाटलं: 'पोरांना पिवळं पाणी, उंदरांना हिरवी मेथी!' लोकांनी ते हातोहात नेलं. मी तर हवेतच होतो.

चिटणिसांनी काय करावं? मुलांची भाजी जाते कुठे, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलंच नाही. माझं पत्रक उचललं आणि आत्यांना काढलं. सगळं पाप एका म्हातारीच्या माथी, आणि संस्था धुतल्या तांदळासारखी!

मी धावत आत्यांच्या घरी गेलो. त्या दारात बसून गवत निवडत होत्या.

"लिवलंस ते झ्याक लिवलंस बाबा," त्या म्हणाल्या. "पर आधी इचारलं आसतंस तर आनखी झ्याक झालं आसतं. काड्या हुत्या त्या. पानं पोरांच्या पातेल्यात गेल्ती."

मी खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर गवत निवडू लागलो.

त्यानंतर पिंजऱ्यासाठी चिटणिसांचा हुकूम सुटला: हिरवं बंद, फक्त कोंडा आणि कडबा. तीन आठवडे झाले असतील. बोर्डिंगातली कौसा, सहावीतली पोर, धापा टाकत माझ्याकडे आली. "दादा, सोनी उठंना! मागचे पाय वढती. तोंडातनं रगत बी येतंय."

मी एसटी पकडली ती थेट नेवाशाची. तिकडे प्रवरेकाठी अजून हिरवं काही दिसत होतं. ओळखीच्या मळ्यातून पालक, मेथी, कोथिंबीर, मिळेल ते पोत्यात कोंबलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोतं डोक्यावर घेऊन पडवीत हजर! मुलं नाचायला लागली. मी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी पाला उचलला. किती दिवसांचे उपाशी जीव ते, आज पोटभर खाऊ देत!

मनगटावर फटका बसला. कौसानं मागच्या कुंपणातून आत्यांना आणलं होतं.

"शेतकऱ्याचा ना रं तू? वाळक्या कडब्यावरचा बैल एकदम हिरव्या कडवळात सोडतुस व्हय? फुगून मरंल का न्हाई?"

मी शेतकऱ्याचाच. बैलाच्या बाबतीत हे मला दहाव्या वर्षीच कळत होतं. पण भूक दिसली की आमच्या भागात माणसाला माप सुचत नाही, समोर ढीग ओतावासा वाटतो.

"आज चिमूट. उद्याला आर्दी मूठ. चार रोजानं सैल मूठ, मंग रोज तेवढीच." असं म्हणून त्यांनी सोनीला मांडीवर घेतलं आणि कोथिंबिरीचं एकेक पान तिच्या तोंडाशी धरलं. मग पोत्याकडे बोट दाखवलं. "आन ह्ये बाकीचं काय बघत बसलास? ने सैपाकघरात. सा मुठी निघाल्या तर पोतं रितं हुतं व्हय?"

त्या रात्री बोर्डिंगातल्या एकूण एक मुलाच्या ताटात पालेभाजी होती. सहा जिवांचंही भागलं, साठ पोरांचंही भागलं! आणि मी एकाचं नाव दुसऱ्याच्या विरुद्ध छापून मोकळा झालो होतो.

आत्या रोज मागच्या कुंपणातून येऊन पाला मोजून घालत राहिल्या. नवव्या दिवशी कौसा पुन्हा पळत आली. या वेळी हसत. "दादा, सोनी उडी मारती! चारी पाय एकदम वर!" मी जाऊन पाहिलं. सोनी थोडी लंगडते, पण उडी मारते, खरंच मारते. पडवीत एवढा आरडाओरडा झाला की चिटणीस बाहेर आले. त्यांना आत्या दिसल्या. "तुम्ही आत कशा?" असं म्हणून शिपायाकरवी त्यांनी आत्यांना फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्यांदा.

आज भागूआत्या दुष्काळी कामावर खडी फोडतात. या वयात, उन्हात. पाल्याचं माप त्यांनी कौसाच्या मुठीला शिकवून ठेवलंय, ती चोरून शेवगा आणते. मी त्यांना म्हटलं, "आत्या, मी नवं पत्रक काढतो." त्या म्हणाल्या, "काड. पर ह्या टायमाला माज्यासमूर वाच."

वाचलं. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं, ते दुरुस्त केलं. चूक माझी होती हे त्यात पहिल्याच ओळीत आहे.

आता तुमचं काम. येत्या रविवारी सकाळी नऊला संस्थेच्या संचालकांची सभा आहे. बोर्डिंगच्या फाटकाशी या. एकटे नको, घरच्यांना घेऊन या. चिटणीस आले की त्यांना तोंडावर विचारा: चंद्रभागाबाई कामावर परत कधी, आणि मुलांची भाजी जाते कुठे? उत्तर मिळाल्याशिवाय फाटक सोडू नका.